हेफेस्टियनच्या वाट्याला आलेलं काम

प्रश्न असा आहे: सिकंदराचा, म्हणजे अलेक्झांडरचा, जिवलग म्हणून हेफेस्टियनचं नाव सगळीकडे येतं, पण त्याने जिंकलेली एकही मोठी लढाई कोणी सांगत नाही. मग तो खरोखर सेनापती होता की वशिल्याने वर चढलेला माणूस? दोघांचं नातं नेमकं कसलं होतं? आणि तो मेल्यावर अलेक्झांडरचं डोकं फिरलं म्हणतात, त्यात तथ्य किती?

वशिला होता आणि काम करायची धमकही होती, असं माझं मत आहे. फक्त ते काम लढाईच्या वर्णनांत शोधून सापडत नाही. माझी सगळी नोकरी लष्कराच्या इंजिनिअर्स शाखेत गेली. नदीवर पूल टाकायचा, वाट मोकळी करायची, मागून येणारं सैन्य वेळेत पलीकडे न्यायचं. त्या सवयीमुळे जुने ग्रीक इतिहासकार वाचतानाही कोणी कोणाला भाला मारला यापेक्षा सैन्य तिथवर पोचलं कसं, त्याने खाल्लं काय, या ओळींपाशी मी जास्त रेंगाळतो. त्या ओळींत हेफेस्टियन पुन्हा पुन्हा भेटतो.

आधी साधनांबद्दल दोन शब्द. अलेक्झांडर गेला इ.स.पू. ३२३ मध्ये. आज आपल्या हातात असलेले ग्रंथ त्यानंतर तीनशे ते साडेचारशे वर्षांनी लिहिलेले आहेत: डायोडोरस, कर्टियस, प्लुटार्क आणि एरियन. यांतला एरियन स्वतः रोमन साम्राज्यातला सेनानी आणि प्रांताधिपती होता, त्यामुळे त्याला कूच, तळ, नदीउतार यांची जाण आहे. पण त्याने मुख्य आधार घेतला तो टॉलेमीच्या आठवणींचा. हा टॉलेमी अलेक्झांडरचाच सरदार, पुढे इजिप्तचा राजा. आपल्या बरोबरीच्या सरदारांचं कौतुक करायला त्याची लेखणी उत्सुक नसायची. पर्डिकसच्या बाबतीत तर ते उघड दिसतं. हेफेस्टियन टॉलेमीच्या कितीतरी आधी मेला, मागे मूल नाही, घराणं नाही, त्याची बाजू लिहिणारा कोणी नाही. त्याचं चरित्र दुसऱ्यांच्या चरित्रांच्या कडेकडेने गोळा करावं लागतं ते यामुळे.

तो मॅसेडोनियातल्या पेल्ला शहरचा, अमिंटोरचा मुलगा, वयाने अलेक्झांडरच्या आगेमागे. दोघं एकत्र वाढले असं कर्टियस सांगतो. मिएझा इथे अॅरिस्टॉटल राजपुत्राला शिकवत होता तेव्हा हेफेस्टियनही त्या वर्गात असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. अॅरिस्टॉटलने त्याला लिहिलेल्या पत्रांचा उल्लेखही प्राचीन यादीत आहे. इ.स.पू. ३३४ मध्ये आशियात पाऊल ठेवल्यावर ट्रॉयला अलेक्झांडरने होमरच्या काव्यातला वीर अकिलीस याच्या समाधीवर हार वाहिला आणि हेफेस्टियनने अकिलीसचा जिवलग पॅट्रोक्लस याच्या, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. एरियन ती 'असं म्हणतात' असं म्हणूनच देतो.

आता वशिल्याच्या मुद्द्याकडे. नुसता लाडका म्हणून वर चढवायचं असतं तर राज्यावर येताच, इ.स.पू. ३३६ मध्येच, त्याच्या हाती फौज दिली असती. तसं झालं नाही. ग्रॅनिकस, इसस, टायरचा वेढा या सगळ्या गाजलेल्या प्रसंगांत हेफेस्टियनकडे मोठी तुकडी दिसत नाही. तेव्हा फौजेची सूत्रं पार्मेनियन आणि त्याच्या मुलांकडे, म्हणजे अलेक्झांडरच्या बापाच्या काळातल्या घराण्याकडे होती. हेफेस्टियनकडे येतात ती फुटकळ कामं: सिडॉनच्या गादीवर कोणाला बसवायचं ते ठरव, टायरहून गाझाकडे आरमार घेऊन जा. सिडॉनला त्याने राजघराण्यातला पण गरिबीत बागकाम करून जगणारा एक माणूस निवडला, अशी कथा कर्टियस रंगवून सांगतो. गॉगामेलाच्या लढाईत (इ.स.पू. ३३१) तो राजाच्या अंगरक्षकांबरोबर लढला आणि दंडावर भाल्याची जखम घेऊन परतला. जिवाला जपून मागे राहणारा तो नव्हता, एवढं त्या जखमेवरून नक्की.

वळण आलं इ.स.पू. ३३० मध्ये, आजच्या अफगाणिस्तानातल्या फराहच्या आसपास. पार्मेनियनचा मुलगा फिलोटस हा राजाच्या खास घोडदळाचा प्रमुख. आपल्याकडच्या हुजुरातीसारखंच हे दळ: मानाचं, राजाच्या डोळ्यांसमोरचं. राजाला मारण्याचा कट कानावर येऊनही त्याने तो कळवला नाही, असा आरोप त्याच्यावर आला. कर्टियसच्या म्हणण्याप्रमाणे फिलोटसला यातना देऊन कबुली काढणाऱ्यांत हेफेस्टियन, क्रेटरस आणि कोइनस हे तिघे सरदार पुढे होते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फिलोटसला मारलं, पाठोपाठ एकबटाना इथे म्हाताऱ्या पार्मेनियनलाही मारवलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हेफेस्टियन आला. पण सगळी जागा त्याला मिळाली नाही. खास घोडदळ अलेक्झांडरने दोघांत वाटलं: अर्धं हेफेस्टियनकडे, अर्धं क्लायटसकडे. एरियन कारणही देतो: एवढं घोडदळ एकाच माणसाच्या हाती असावं, मग तो माणूस कितीही जवळचा असो, हे राजाला नको होतं. क्लायटस हा ग्रॅनिकसला अलेक्झांडरचा जीव वाचवणारा जुना मुरलेला सरदार. मित्राच्या शेजारी त्याला बसवण्यामागे मला तरी हिशेब दिसतो. घोडदळ चालवण्याचा हेफेस्टियनचा अनुभव बेताचा होता, आणि हे राजाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

यापुढच्या सहा वर्षांत त्याच्याकडे सोपवलेली कामं मात्र एका सुरात वाचावीत. सोग्डियानात, म्हणजे समरकंदच्या मुलखात, बंड मोडायला इ.स.पू. ३२८ मध्ये सैन्याच्या पाच तुकड्या केल्या, त्यांतली एक हेफेस्टियनची. ती मोहीम आटोपताच त्याला हुकूम झाला की तिथली शहरं वसव, माणसं आणून बसव. त्याच सुमारास बॅक्ट्रियात जाऊन हिवाळ्यापुरती रसद गोळा करण्याचं कामही त्याच्याकडे आलं. लढाईच्या कथा वाचणारा या दोन ओळी ओलांडून पुढे जातो. मी जाऊ शकत नाही. मध्य आशियात हिवाळा चुकला तर सैन्य लढाईत मरतं त्यापेक्षा जास्त तळावर मरतं. धान्य किती, जनावरांना वैरण किती, ते कुठल्या गावांतून किती दिवसांत येणार, वाटेत लुटलं जाऊ नये म्हणून पहारा कोणाचा, हे सगळं ज्याच्यावर सोडायचं त्याला हिशेब यावा लागतो आणि तो विश्वासाचाही असावा लागतो. हिशेब येणारे पुष्कळ मिळतात. दोन्ही असलेला माणूस मिळणं अवघड.

आणि मग भारताची मोहीम. इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते हेफेस्टियनची लायकी ठरवायची ती इथेच.

इ.स.पू. ३२७ मध्ये हिंदुकुश ओलांडून आल्यावर अलेक्झांडरने फौजेचे दोन भाग केले. एक भाग घेऊन तो स्वतः उत्तरेच्या डोंगरांत शिरला: कुनार, स्वात, मस्सगाचा किल्ला, आणि शेवटी आओर्नोसचा तो अवघड कडा. सगळे इतिहासकार त्याच्या मागोमाग डोंगरात जातात. दुसरा भाग हेफेस्टियन आणि पर्डिकस यांच्याकडे होता: खास घोडदळातला निम्मा हिस्सा, भाडोत्री घोडेस्वार सगळे, आणि गॉर्गियस, क्लायटस (हा दुसरा क्लायटस, पहिल्याला तोवर अलेक्झांडरने दारूच्या भरात स्वतःच्या हाताने मारलं होतं) व मेलिगर यांच्या पायदळाच्या पलटणी. सोबत तक्षशिलेच्या राजाची माणसं. हुकूम असा की पुष्कलावतीच्या मुलखातून सिंधूकडे जा, वाटेतली गावं तहाने किंवा बळाने ताब्यात घ्या, आणि नदीवर पोचलात की ती उतरायची सगळी तयारी करून ठेवा.

पुष्कलावती म्हणजे आजच्या पेशावरजवळचं चारसद्दा. तिथल्या अस्टिस नावाच्या सरदाराने बंड केलं. हेफेस्टियनने त्याचं ठाणं तीस दिवस वेढून घेतलं. अस्टिस मारला गेला आणि त्याच्या जागी संगेयस नावाचा, आधीच अस्टिसला सोडून तक्षशिलेच्या राजाकडे गेलेला स्थानिक माणूस बसवला गेला. एका ओळीत संपणारी ही हकीकत आहे, पण बघा: वेढा, विजय, राज्यकारभाराची घडी, आणि राजा इथे कुठेच नाही. 'त्याने स्वतंत्रपणे काय जिंकलं' याचं उत्तर हवं असेल तर ते हे आहे. फार मोठं नाही, पण चोख.

पुढे सिंधू. पूल बहुतेक अभ्यासकांच्या मते हुंड इथे पडला, जुनं उदभांडपूर. आपल्या तोंडी असलेलं अटक तिथून नदीने थोडंच खाली. १७५८ मध्ये मराठी फौजा जिथवर पोचल्या तोच हा परिसर. अटकेजवळ सिंधू अरुंद घळीत शिरते. हुंडपाशी ती पसरट आहे. घळीत पाणी वेगाने ओढतं, पसरट जागी पूल लांब होतो पण ओढ कमी. नदीवर काम केलेला कोणीही लांबी पत्करेल.

पूल कसा बांधला हे टॉलेमी आणि मोहिमेत असलेला दुसरा लेखक अॅरिस्टोब्युलस दोघांनीही लिहून ठेवलं नाही, अशी तक्रार एरियन करतो, आणि मग स्वतःचा अंदाज मांडतो की तो होड्या जोडून केलेला पूल असावा. तेवढ्यावर न थांबता तो रोमन सैन्याची पद्धत सांगत बसतो, आणि ती वाचताना मला जुन्या ओळखीच्या जागी आल्यासारखं वाटतं. नावा प्रवाहाबरोबर खाली सोडायच्या, जागेवर आल्या की दगडांनी भरलेल्या वेताच्या निमुळत्या टोपल्या पाण्यात सोडून त्यांना रोखायचं, नाव नावेला जोडायची, वर आडव्या तुळया आणि फळ्या, दोन्ही काठांना घट्ट बांधलेले उतार, म्हणजे घोडे आणि ओढीची जनावरं बुजत नाहीत. आणि एक वाक्य असं आहे की ते फक्त प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसालाच सुचेल: कामाच्या वेळी आरडाओरडा प्रचंड असतो, तरी शिस्त सुटत नाही, हुकूम ऐकू येतात. पूल पडत असताना काठावर उभं राहून पाहा, अगदी असंच असतं.

पण पुलाचं खरं काम पाण्यात नावा सोडण्याच्या आधी महिनाभर चालू झालेलं असतं. लाकूड कुठून आणायचं? सिंधूच्या त्या भागात उघडं मैदान. जंगल वर डोंगरात. दोरखंड किती? सुतार किती? स्थानिक नावाडी पकडायचे की पैसे द्यायचे? पकडलेला नावाडी रात्री दोर कापून जातो, हे कुठल्याही शतकात खरं. हेफेस्टियनने पूल तर उभा केलाच, शिवाय तीस वल्ह्यांची दोन गलबतं आणि पुष्कळ लहान होड्या बांधून तयार ठेवल्या. अलेक्झांडर इ.स.पू. ३२६ च्या वसंतात नदीवर पोचला तेव्हा त्याला फक्त पाय टाकायचा होता. पलीकडून तक्षशिलेचा राजा आंभी याने पाठवलेला नजराणा येऊन पडला होता: २०० टॅलेंट (ग्रीकांचं वजनाचं आणि पैशाचं माप) चांदी, ३,००० बैल, १०,००० च्या वर मेंढ्या, ३० हत्ती. त्याआधी हेफेस्टियनच्या फौजेला आंभीने फुकट धान्य पुरवलं होतं, असं कर्टियस लिहितो. स्वतः भेटायला मात्र तो आला नाही, राजा येईपर्यंत थांबला. आंभीला बरोबर कळत होतं की समोरचा माणूस मोठा असला तरी अखेरचा शब्द त्याचा नाही.

त्या होड्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण लोक ते विसरतात. पोरस झेलमवर वाट अडवून बसला, तेव्हा अलेक्झांडरने कोइनसला मागे पाठवून सिंधूवरच्या होड्या खोलून मागवल्या: लहान होड्यांचे दोन तुकडे, तीस वल्ह्यांच्या गलबतांचे तीन, गाड्यांवर लादून झेलमपर्यंत, आणि तिथे पुन्हा जोडल्या. त्या रात्री पावसात झेलम ओलांडली ती या होड्यांतून आणि पेंढा भरलेल्या कातड्यांवरून. पोरसविरुद्धच्या लढाईत हेफेस्टियनचं नाव का नाही, असं विचारणाऱ्यांना दोन उत्तरं. एक, नाव आहे: अलेक्झांडरबरोबर नदी उतरलेल्या घोडदळाच्या तुकड्यांत त्याची तुकडी होती. दुसरं, ज्या होड्यांतून ते उतरले त्या त्याने बांधून घेतल्या होत्या. लढाईचा निर्णायक डाव कोइनसकडे सोपवला गेला आणि तो कोइनसने उत्तम खेळला. अलेक्झांडरला माणसं ओळखता येत. कोइनसचं काम त्याने हेफेस्टियनला दिलं नाही, आणि हेफेस्टियनचं कोइनसला.

पुढे चिनाब आणि रावीच्या मधला, पोरसच्याच नावाच्या दुसऱ्या एका राजाचा मुलूख त्याने ताब्यात घेऊन आपल्या पोरसच्या हवाली केला, चिनाबवर एक शहर तटबंदीसह उभारलं. बियासवर सैन्य अडून बसलं, माघार ठरली, आणि झेलममधून खाली समुद्राकडे प्रवास निघाला. अलेक्झांडर नावांत, उजव्या काठाने क्रेटरस थोड्या सैन्यासह, डाव्या काठाने हेफेस्टियन, सैन्याचा सगळ्यात मोठा आणि सकस भाग आणि सुमारे २०० हत्ती घेऊन. हत्ती दिवसाला किती चारा खातो हे ज्याने पाहिलं आहे त्याला या आकड्याचा अर्थ कळेल. शिवाय बाजारबुणगे, बायका, पोरं, जखमी, लूट, गाड्या. हे सगळं लांबलचक लटांबर रोज हलवायचं, रोज पाण्याशी टेकवायचं.

मल्लांच्या मुलखात, मुलतानच्या बाजूला, तटावरून आत उडी मारलेल्या अलेक्झांडरच्या छातीत बाण घुसला. तो मेल्याची आवई रावी-चिनाबच्या संगमावरच्या मुख्य तळापर्यंत पोचली. त्या तळाचा प्रमुख हेफेस्टियन. राजा जिवंत असल्याचं पत्र आलं तर सैनिकांना वाटलं की सरदारांनीच ते रचलं आहे. परक्या देशात, राजा मेला असं मानून हवालदिल झालेला तळ. सरदारांतच एकमेकांवर संशय. तिथे बंड झालं नाही, पळापळ झाली नाही, आणि अलेक्झांडरला नावेतून आणून सगळ्यांना दाखवेपर्यंत तळ टिकून राहिला. कोणी त्याबद्दल हेफेस्टियनचं कौतुक लिहिलेलं नाही. तळ सांभाळणाऱ्याचं कौतुक सहसा लिहिलं जात नाही.

सिंधूच्या मुखाकडे पाताल इथे बालेकिल्ला आणि पुढे बंदर बांधायचं कामही त्याचं. किर्मानहून पर्शियाकडे जाताना मुख्य सैन्य, सामानसुमान आणि हत्ती घेऊन समुद्रकाठच्या उबदार वाटेने जाणाराही तोच; अलेक्झांडर हलक्या फौजेनिशी आतल्या वाटेने गेला. हा नमुना इतक्या वेळा येतो की त्याला योगायोग म्हणता येत नाही. राजा वेगाने पुढे जातो, क्रेटरसकडे लढाऊ जबाबदारी, आणि जड, हळू, खर्चिक असं सगळं हेफेस्टियनच्या गळ्यात.

स्वभावाने तो सोपा माणूस नव्हता. क्रेटरसशी त्याचं हाडवैर. भारतात एकदा दोघांनी एकमेकांवर तलवारी उपसल्या, दोघांची माणसं धावून आली, आणि अलेक्झांडरला स्वतः घोडा घालून मध्ये पडावं लागलं. त्याने हेफेस्टियनला चारचौघांत झापलं: माझ्याशिवाय तू कोणी नाहीस हे तुला कळत नसेल तर तू वेडा आहेस. क्रेटरसला एकांतात सुनावलं. मग दोघांना समोरासमोर आणून शपथेवर बजावलं की पुन्हा भांडलात तर दोघांनाही मारीन. प्लुटार्कने सांगितलेला हा प्रसंग हेफेस्टियनच्या विरोधात नेहमी पुढे केला जातो. राजाचं वाक्य खरंच होतं. हेफेस्टियनचं वजन राजावर टेकलेलं होतं. क्रेटरसमागे मॅसेडोनियन शिपाई होते. पण त्यातूनच त्याचा उपयोगही होता. अलेक्झांडरने इराणी पोशाख, इराणी दरबारी रीत उचलली तेव्हा जुने मॅसेडोनियन सरदार नाकं मुरडत होते. हेफेस्टियनने ती रीत राजासोबत मनापासून उचलली. प्लुटार्क म्हणतो, ग्रीक आणि मॅसेडोनियन लोकांशी राजा क्रेटरसमार्फत व्यवहार करी आणि इराणी व इतर परक्यांशी हेफेस्टियनमार्फत. नव्या साम्राज्यात दुसऱ्या प्रकारची माणसं कितीतरी पटीने जास्त होती, हे लक्षात घ्या.

युमेनिस या चिटणिसाशीही त्याचं जमेना. युमेनिससाठी राखलेली जागा हेफेस्टियनने एका बासरीवाल्याला देऊन टाकली, आणि युमेनिस चिडून राजाकडे गेला की हत्यारं टाकून बासरीच वाजवलेली बरी. हेफेस्टियन मेल्यावर आपण आनंदलो असं कोणी म्हणू नये म्हणून स्वतःला आणि स्वतःची शस्त्रं त्याच्या स्मृतीला वाहणारा पहिला माणूस हाच युमेनिस. दरबार कुठलाही असो, चिटणीस हुशारच असतात.

इ.स.पू. ३२४ मध्ये सुसा इथे सामुदायिक लग्नं झाली. अलेक्झांडरने इराणचा हरलेला बादशहा दार्युश याची थोरली मुलगी केली आणि धाकटी, ड्रिपेटिस, हेफेस्टियनला दिली. दोघांची मुलं एकमेकांची मावसभावंडं व्हावीत ही त्यामागची इच्छा एरियनने नोंदवली आहे. याच काळात तो 'खिलिआर्क' होता. इराणी दरबारातलं हे राजाखालचं पहिलं पद: राजाच्या रक्षकदळाचा प्रमुख आणि भेटीगाठींचा दरवाजा ज्याच्या हाती, तो. सहा वर्षांपूर्वी ज्याला घोडदळही अर्धंच दिलं होतं, तो आता साम्राज्यातला दुसरा माणूस.

नात्याबद्दल विचारलं आहे. हेफेस्टियन राजाचा सगळ्यात लाडका आणि सगळी गुपितं जाणणारा होता, यावर सगळ्या लेखकांचं एकमत आहे. ईलियन हा उत्तरकालीन लेखक ट्रॉयच्या प्रसंगावरून सूचित करतो की दोघं प्रेमी होते. त्या काळचे ग्रीक अकिलीस आणि पॅट्रोक्लस यांच्याकडे तसंच बघत, आणि मॅसेडोनियन दरबारात पुरुषांमधली अशी नाती नवलाची नव्हती. मला तो अर्थ पटण्यासारखा वाटतो. पण त्यावरून 'म्हणून पदं मिळाली' असा निकाल काढणारे आणि 'छे, नुसती मैत्री' म्हणून हात झटकणारे, दोघेही कामाच्या नोंदी वाचत नाहीत.

त्यापेक्षा मला दोन छोटे प्रसंग बोलके वाटतात. इससनंतर कैद झालेली दार्युशची आई सिसिगॅम्बिस हेफेस्टियनलाच राजा समजून त्याच्या पाया पडली, कारण तो उंचीने मोठा होता. चूक कळून ती ओशाळली, तेव्हा अलेक्झांडर म्हणाला: चूक नाही झाली, हाही अलेक्झांडरच. एरियन या गोष्टीची हमी घेत नाही, पण ती सांगतो. दुसरा प्रसंग पत्राचा. अलेक्झांडरची आई ऑलिम्पियास हेफेस्टियनवर जळायची, धमकीची पत्रं लिहायची. त्याने उत्तर पाठवलं की आमच्याशी भांडू नकोस, धमक्या देऊ नकोस. दिल्यास तरी आम्ही फारसं मनावर घेणार नाही, अलेक्झांडर आम्हाला सगळ्यांहून मोठा आहे हे तुला माहीत आहे. त्या बाईच्या नुसत्या नावाने भलेभले दबत. तिला असं 'आम्ही' करून लिहिणारा माणूस स्वतःला नुसता पदरचा आश्रित समजत नव्हता.

शेवट एकबटानात झाला, आजच्या इराणमधलं हमदान. इ.स.पू. ३२४ चा शरद ऋतू, खेळ आणि दारूची रेलचेल. त्याला ताप आला. प्लुटार्कच्या सांगण्याप्रमाणे वैद्य नाटकाला गेला असताना त्याने पथ्य मोडून उकडलेली कोंबडी खाल्ली, थंड केलेली दारू ढोसली, आणि प्रकृती ढासळली. सातव्या दिवशी, अलेक्झांडर मुलांच्या शर्यती बघत असताना, निरोप आला. तो धावत पोचेपर्यंत हेफेस्टियन गेलेला होता. आजचे काही जण टायफॉइडचा तर्क करतात, आणि आतडी हळवी झाल्यावर जड खाण्याने जे होतं ते पाहता तर्क वावगा नाही.

पुढचा शोक खरा किती? एरियनने इथे फार शहाणपणाने लिहिलं आहे: ज्याला अलेक्झांडर आवडतो त्याने एक लिहिलं, ज्याला तो सलतो त्याने दुसरं. प्रेतावर दिवसभर पडून राहिला, केस कापले, वैद्याला फासावर दिलं, घोड्यांच्या आयाळी कापवल्या, तटाचे कंगोरे पाडले, वैद्यकाचा देव आस्क्लेपियस याचं देऊळ जमीनदोस्त केलं. यांतल्या शेवटच्या गोष्टीवर एरियनचा विश्वास नाही, ते इराणी राजाचं वेड झालं, अलेक्झांडरचं नव्हे, असं तो म्हणतो. केस कापणं मात्र त्याला पटतं, कारण अकिलीसने पॅट्रोक्लससाठी तेच केलं होतं. डायोडोरस आणखी एक सांगतो: आशियातल्या सगळ्या पवित्र अग्नी विझवण्याचा हुकूम. हे इराणात फक्त राजा मेल्यावर होत असे. लोकांनी तो अपशकुन मानला यात नवल नाही.

पैशाचं बघू, तिथे भावनेला आकडा लागतो. चितेचा खर्च एरियन आणि प्लुटार्क १०,००० टॅलेंट सांगतात, डायोडोरस १२,०००. सुसा जिंकलं तेव्हा तिथल्या खजिन्यात एरियनच्या मते ५०,००० टॅलेंट मिळाले होते. सुसात सैनिकांचं सगळं कर्ज फेडायला २०,००० लागले. म्हणजे सगळ्या फौजेच्या कर्जाच्या निम्मी रक्कम एका चितेवर. डायोडोरसचं वर्णन बाबिलोनच्या सात मजली, १३० हात उंच, जहाजांच्या सोन्याच्या नाळांनी मढवलेल्या इमारतीचं आहे, आणि त्यासाठी शहराच्या तटाचा मोठा भाग पाडून विटा काढल्या. इंजिनिअर म्हणून मला यात एक गोष्ट खटकते: राजा जून ३२३ मध्ये मेल्यावर पर्डिकसने त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या योजना सैन्यापुढे वाचून रद्द करवल्या, त्यात या चितेचं काम पुरं करणंही होतं. म्हणजे डायोडोरस वर्णन करतो ती इमारत बहुधा कागदावरच राहिली.

खिलिआर्कच्या पदावर अलेक्झांडरने दुसऱ्या कोणाची नेमणूक केली नाही. त्याच्या हाताखालच्या घोडदळाला हेफेस्टियनचंच नाव आणि त्याचंच निशाण पुढेही राहिलं. इजिप्तमधल्या सिवाच्या देवळात कौल लावला, त्याला देव मानावं का? उत्तर आलं: देव नाही, वीर म्हणून पूजा. अलेक्झांडरला तेवढं पुरलं. पेल्लाहून मिळालेलं, डायोजेनिस नावाच्या कोणी 'वीर हेफेस्टियन' याला वाहिलेलं एक लहान शिल्प आज थेसालोनिकीच्या संग्रहालयात आहे, म्हणजे ती पूजा नुसती हुकमापुरती नव्हती. मित्र गेल्यावर आठ महिन्यांत अलेक्झांडर गेला. लागलीच अलेक्झांडरची बायको रोक्साना हिने पर्डिकसच्या संमतीने दार्युशच्या थोरल्या मुलीला आणि तिच्या बहिणीला मारवलं. ती बहीण म्हणजे ड्रिपेटिस, असं सर्वसाधारणपणे धरतात.

राहिला समाधीचा प्रश्न, कारण तो हल्ली हमखास येतो. उत्तर ग्रीसमध्ये अॅम्फिपोलिसजवळ कास्ता टेकडीखालचं भव्य थडगं २०१४ मध्ये उघडलं, आणि पुढच्या वर्षी उत्खननप्रमुख कातेरिना पेरिस्तेरी यांनी तिथल्या अक्षरांच्या आधारे ते हेफेस्टियनच्या स्मरणार्थ असल्याचं मत मांडलं. बरेच अभ्यासक ते मान्य करत नाहीत, आणि मीही करणार नाही. अक्षरांचं वाचन फारच मोकळं आहे. हमदानला एक झिजलेला दगडी सिंह आहे, तो हेफेस्टियनच्या स्मारकाचा असल्याचं सांगतात. त्यासाठीही लेखी पुरावा नाही, पण निदान तो योग्य शहरात आहे.